ब्लूटूथची जोडी नेमकी कुठे फुटते

बिनतारी इअरफोन हा फोनचा सुटा भाग नसून स्वतःची बॅटरी, स्वतःची चिप आणि स्वतःची स्मृती असलेला दुसरा रेडिओ आहे, आणि ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच त्याच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी सुटता सुटत नाहीत. तारेचा इअरफोन बिघडला तर दोष तारेत किंवा पिनेत शोधता येतो, कारण तेथे विद्युत संकेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ वाहतो. बिनतारी जोडणीत मात्र दोन यंत्रे आधी परस्परांना ओळखतात, मग आपापली घड्याळे जुळवतात, त्यानंतर हवेतून आकड्यांची पुडकी पाठवतात आणि पलीकडचे यंत्र त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते, तेव्हा कोठे कानात गाणे वाजते. यांपैकी कोणती कडी निसटली हे न पाहता ब्लूटूथ दहा वेळा बंद-चालू करणे, फोन रीस्टार्ट करणे आणि अखेरीस वैतागून नवा इअरफोन घेणे हा क्रम सर्वत्र दिसतो. निसटलेली कडी ओळखली, तर उपाय बहुधा दोन-चार मिनिटांचा असतो.

पुणे जिल्ह्यात भीमेच्या काठचे शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा आणि नदीपलीकडची दौंड तालुक्यातील गावे हा उसाचा पट्टा आहे, आणि तेथील माणसाच्या कानात इअरफोन असतो तो सरीत खुरपताना, मोटारसायकलवरून डेअरीकडे जाताना किंवा रात्रीच्या विजेवर उसाला पाणी धरताना. इअरफोनच्या खोक्यातील माहितीपत्रक मात्र शहरातील सदनिका गृहीत धरून लिहिलेले असते: वाय-फायच्या राउटरपासून दूर राहावे, मायक्रोवेव्हजवळ वापरू नये, असा त्याचा सल्ला असतो. उसाच्या रानात या दोन्ही वस्तू नसतात. तेथे असते उघडे माळरान, ओला पाला, काळ्या मातीची धूळ, घामाने भिजलेला सदरा, पत्र्याचे शेड आणि एकाच घरात तीन फोनांमध्ये फिरणारा एक इअरफोन. म्हणून या गावांकडून पाहिले, तर माहितीपत्रकात न आलेली कारणेच आधी दिसू लागतात.

ब्लूटूथ या तंत्राची सुरुवात १९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत झाली, जेथे याप हार्ट्सन या डच अभियंत्याने जवळच्या दोन उपकरणांमधील तार काढून टाकण्यासाठी अल्पशक्तीच्या रेडिओची रचना हाती घेतली. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याचे समान नियम ठरवण्याचे काम सुरू केले, आणि नाव घेतले ते दहाव्या शतकातील हाराल्ड ब्लाटांड या डॅनिश राजाचे, ज्याच्या नावाच्या आद्याक्षरांच्या दोन प्राचीन रून खुणा एकत्र करून आज फोनवर दिसणारे निळे चिन्ह तयार झाले. हा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. म्हणजे त्याची लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते आणि एका लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धी वीत, भरते. भारतात हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि त्यामुळेच इअरफोन वापरण्यासाठी कोणाला परवाना काढावा लागत नाही. पण त्याच कारणाने वाय-फाय, हॉटस्पॉट, बिनतारी माउस असे सारेच त्या एका पट्ट्यात दाटीने राहतात.

या दाटीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ एका जागी बसत नाही. गाणी वाहून नेणारा त्याचा मूळ प्रकार हा पट्टा प्रत्येकी एक मेगाहर्ट्झच्या ७९ मार्गिकांत विभागतो आणि फोन व इअरफोन दोघेही सेकंदाला १६०० वेळा एका मार्गिकेवरून दुसरीवर उडी मारतात. हेडी लामार या अभिनेत्रीने आणि जॉर्ज अँथेल या संगीतकाराने पाणतीराला बिनतारी आज्ञा देण्यासाठी अशाच उड्यांच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९४२ मध्ये मिळवले होते. भजनात दोन टाळकरी एकमेकांकडे न पाहताही एकाच मात्रेवर टाळ देतात, कारण ठेका दोघांच्याही मनात चालू असतो. तसाच फोन आणि इअरफोन यांच्यात उड्यांचा एकच ठेका चालू असतो, आणि तो चुकला की आवाज तुटतो किंवा जोडणी गळते. हा ठेका आपसांत ठरवण्याआधी मात्र दोघांची ओळख व्हावी लागते, आणि तक्रारींचा मोठा वाटा या ओळखीपाशीच असतो.

या ओळखीलाच ‘पेअर करणे’ म्हणतात. प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो, आणि पहिल्यांदा पेअर होताना दोन्ही उपकरणे मिळून एक गुप्त किल्ली तयार करून ती आपापल्या स्मृतीत ठेवतात. पुढच्या वेळी इअरफोनची डबी उघडताच जोडणी आपोआप होते ती या किल्लीच्या बळावर. किल्ली दोन्हीकडे ठेवलेली असते, आणि सारी गुंतागुंत येथे सुरू होते. इअरफोनच्या स्मृतीत ठरावीक संख्येनेच फोन मावत असल्याने घरातील आणि मित्रांचे फोन जोडता जोडता जुन्या फोनची किल्ली त्यातून पुसली जाते, किंवा कोणीतरी तो रीसेट केलेला असतो. इकडे फोनच्या यादीत मात्र त्याचे नाव पूर्वीसारखेच ‘पेअर केलेले’ म्हणून झळकत राहते. अशा वेळी नावावर कितीही वेळा बोट दाबले तरी क्षणभर ‘कनेक्ट करत आहे’ असे दिसते आणि पुन्हा शांतता पसरते, कारण फोन ज्या किल्लीने दार उघडू पाहतो ते कुलूपच पलीकडे बदललेले असते.

यावर उपाय दोन्ही बाजूंनी ओळख पुसण्याचा आहे, आणि येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी फोनच्या ब्लूटूथ यादीत इअरफोनच्या नावापुढील चाकाच्या खुणेवर दाबून ‘विसरा’ किंवा ‘अनपेअर’ हा पर्याय निवडावा. मग माहितीपत्रकात दिलेल्या रीतीने, म्हणजे बहुधा डबीचे किंवा कानात बसणाऱ्या बडचे बटण काही सेकंद दाबून धरून, इअरफोनची स्मृती पुसावी. फोनचे ब्लूटूथ एकदा बंद करून चालू करावे आणि त्यानंतरच इअरफोन पेअरिंगच्या अवस्थेत आणावा. केवळ एकीकडची ओळख पुसली, तर दुसरीकडची शिळी किल्ली पुन्हा आडवी येऊ शकते.

इअरफोन चालू असणे आणि तो पेअरिंगच्या अवस्थेत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही फारसे सांगितले जात नाही. चालू इअरफोन केवळ जुन्या ओळखीच्या फोनांना शोधत असतो आणि नव्या फोनला आपले नाव सांगत नाही. पेअरिंगच्या अवस्थेत तो आपले नाव सर्वांना ऐकवतो आणि त्याची खूण म्हणून दिवा बहुधा दोन रंगांत किंवा भराभर लुकलुकतो. ‘यादीत नावच येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या फरकातून उद्भवते. इअरफोनसोबत कंपनीचे अ‍ॅप वापरायचे असेल तर आणखी एक अडसर संभवतो: अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत अ‍ॅपला जवळची ब्लूटूथ उपकरणे शोधण्यासाठी लोकेशनची परवानगी लागत असे, तर १२ व्या आवृत्तीपासून ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी स्वतंत्र परवानगी आली, आणि ती नाकारलेली असल्यास अ‍ॅपला काहीच सापडत नाही.

एका घरात एकच इअरफोन फिरतो तेव्हा उलटा प्रकार घडतो: ओळख पुसलेली नसते, नको त्याची ओळख आधी लागते. बहुतेक इअरफोन डबी उघडताच सर्वांत शेवटी जोडलेल्या फोनकडे धाव घेतात. धाकट्या भावाने रात्री सिनेमा पाहिलेला असेल आणि त्याचा फोन शेजारच्या खोलीत ब्लूटूथ चालू ठेवून पडलेला असेल, तर सकाळी थोरल्याच्या कानात बड असूनही जोडणी धाकट्याच्या फोनशी झालेली असते. दोन फोनांशी एकाच वेळी जोडून राहण्याची सोय असलेल्या इअरफोनांत तर एका फोनवर व्हिडिओ सुरू होताच दुसऱ्यावरचे गाणे थांबते, आणि तो बिघाड समजला जातो. त्या दुसऱ्या फोनचे ब्लूटूथ बंद करून पाहणे ही यावरची पहिली, बिनखर्चाची चाचणी आहे.

दोन सुटे बड असलेल्या प्रकारात, ज्याला बाजारात टीडब्ल्यूएस म्हणतात, ओळखीचा आणखी एक धागा असतो, कारण डावा आणि उजवा बड यांनाही एकमेकांची ओळख ठेवावी लागते. एका बाजूचा आवाज गेला की तो बड ‘जळाला’ असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो बड चार्जच झालेला नसतो, किंवा त्याची दुसऱ्याशी जोडी फुटलेली असते. फुटलेली जोडी दोन्ही बड डबीत ठेवून एकाच वेळी रीसेट केल्याने बहुधा सांधते. चार्ज न होण्याचे कारण शोधण्यासाठी डबी उजेडात धरून तिच्या तळाशी पाहावे लागते. बड ज्या खाचेत बसतो तेथे ज्वारीच्या दाण्याहून बारीक अशा सोनेरी पिना असतात, त्या स्प्रिंगवर किंचित आत-बाहेर होतात, आणि बडच्या दांडीवर त्यांना टेकणारे तितकेच बारीक सोनेरी ठिपके असतात. घाम, कानातील मळ आणि वाऱ्यावर उडालेली काळी माती यांचा मिळून जो चिकट थर बनतो तो या ठिपक्यांवर साचला की बड खाचेत नीट बसलेला दिसतो, पण त्यात वीज शिरत नाही. एवढेच नव्हे, तर आपण डबीत आहोत हेही त्याला कळत नाही, म्हणून तो आतल्या आत फोनशी जोडलेला राहतो आणि सकाळी रिकामा निघतो. कोरड्या कापसाच्या काडीने, थर जुना असेल तर काडीला औषधाच्या दुकानातील स्पिरिट जेमतेम लावून, हे ठिपके आणि पिना पुसाव्यात. सुई, ब्लेड किंवा पेट्रोल वापरू नये, कारण सुईने पिन वाकते आणि पेट्रोलने प्लास्टिक विरघळू शकते. बडच्या तोंडावरील जाळीत मळ अडकला असेल तर त्या बाजूचा आवाज बारीक होतो, आणि फोनच्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ विभागातील डाव्या-उजव्या आवाजाचा काटा एका बाजूला सरकलेला असेल तरीही तोच अनुभव येतो. या दोन्हींचा जोडणीशी काहीही संबंध नाही.

ओळख पक्की आणि बॅटरी भरलेली असूनही आवाज तुटत असेल तर दोष हवेच्या वाटेत शोधावा लागतो, आणि येथे रान व घर यांच्यातील फरक फार बोलका आहे. रात्री पाणी धरणारा शेतकरी फोन पँटच्या मागच्या खिशात उजवीकडे ठेवतो आणि एकच बड डाव्या कानात घालतो, म्हणजे दुसऱ्या कानाने पाटाच्या पाण्याचा आणि मोटारीचा आवाज कळत राहावा. असे असताना दारे मोडायला तो वाकला की गाणे तुटते, उभा राहिला की सुरू होते. तोच फोन, तोच खिसा आणि तोच बड घरात असताना मात्र आवाज अखंड येतो. याचे कारण असे की मानवी शरीरात पाण्याचा अंश मोठा आहे आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते, त्यामुळे फोनपासून कानापर्यंतची सरळ वाट धडाने अडवलेली असते. घरात त्या लहरी भिंतींवर, छतावर आणि पत्र्यावर आपटून वळसा घालून कानापर्यंत पोहोचतात, तर उघड्या रानात परतवायला भिंतच नसल्याने बहुतेक लहरी आकाशात निघून जातात. पाण्याचा रेणू नेमका याच वारंवारतेला डोलतो म्हणून असे होते, ही समजूत चुकीची आहे. पाणी आसपासच्या बऱ्याच विस्तृत पट्ट्यात लहरी शोषते, आणि दवाने भिजलेला उभा ऊसही त्याच न्यायाने अडथळा ठरतो.

इअरफोनच्या सामान्य रेडिओची शक्ती २.५ मिलिवॅटच्या आसपास, म्हणजे ९ वॅटच्या एलईडी दिव्याच्या सुमारे ३६०० वा भाग इतकी असते, आणि तिच्यावर सांगितले जाणारे दहा मीटरचे अंतर मध्ये काही आडवे नसेल तरच खरे मानावे. यावरचा उपाय कोणत्याही सेटिंगमध्ये नाही: फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात, ज्या कानात बड आहे त्याच बाजूला ठेवला, की उघड्या रानातील तुटणे बहुतांशी थांबते. फोन मोटारीच्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीत किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवून लांब गेल्यास तो तुटणारच, कारण धातू या लहरींना जवळजवळ आरपार जाऊ देत नाही. मात्र डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारांना किंवा गावातील मोबाइल टॉवरला दोष देण्याची जी सवय आहे तिला आधार नाही. तारांचा रेडिओ-गोंगाट बराच खालच्या वारंवारतांवर असतो, आणि टॉवर वेगळ्या पट्ट्यांत बोलतो. शिरूर तालुक्यातील उसात बिबट्याचा वावर असल्याने रात्री दोन्ही कान बंद करून रानात जाणे धोक्याचे आहे. तेथे इअरफोन काढून फोनवरच मोठ्याने गाणी लावणे अधिक शहाणपणाचे.

असा रेडिओ-गोंगाट टाळण्यासाठी पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, किती जपले जाते हे या निमित्ताने सांगण्याजोगे आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातील हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या लहरी टिपतात, ज्यांची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे इअरफोनच्या लहरीच्या दुपटीहून थोडी कमी, भरते. तेथे येणारा संकेत अतोनात क्षीण असतो, म्हणून आसपासच्या यंत्रांचा गोंगाट आटोक्यात ठेवावा लागतो. कानातील इअरफोनची अडचणही त्याच जातीची आहे: संकेत किती मोठा यापेक्षा तो गोंगाटाच्या किती वर आहे यावर सारे अवलंबून असते.

गावात असा गोंगाट निर्माण करणारे सर्वांत जवळचे यंत्र बहुधा तोच फोन असतो. घरातील टीव्हीला इंटरनेट देण्यासाठी फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवला, तर तोही अनेकदा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो आणि ब्लूटूथला त्याच्याबरोबर वेळ वाटून घ्यावा लागतो. २००३ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून ब्लूटूथ गजबजलेल्या मार्गिका टाळून उड्या मारायला शिकले आहे, तरी हॉटस्पॉटवर भरपूर माहिती वाहत असेल तर आवाज अडखळतो. फोनमध्ये सोय असल्यास हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर नेणे, किंवा ऐकताना तो बंद ठेवणे, एवढे पुरते.

तुटणारा आवाज ब्लूटूथचा की इंटरनेटचा, हे ठरवण्याची एक खात्रीची पारख आहे आणि ज्या गावात डेटाची रेंज ओसरत-भरत असते तेथे ती सर्वांत आधी करावी: फोनमध्ये साठवलेले एखादे गाणे किंवा कीर्तन विमान मोड लावून, त्यानंतर ब्लूटूथ तेवढे पुन्हा चालू करून, ऐकावे. ते अखंड वाजले आणि ऑनलाइन गाणे तेवढे अडले, तर इअरफोन निर्दोष आहे. ब्लूटूथला मोबाइलच्या नेटवर्कची मुळीच गरज नसते. त्याच्या जोडीला दुसरी पारख म्हणजे इअरफोन दुसऱ्या फोनशी आणि फोन दुसऱ्या इअरफोनशी जोडून पाहणे. या दोन अदलाबदलींनंतर दोष कोणत्या टोकाला आहे याविषयी शंका उरत नाही.

काही वेळा जोडणी झालेली दिसते आणि आवाज मात्र फोनच्या स्पीकरमधून येतो. ब्लूटूथमध्ये गाण्याची वाट आणि फोन कॉलची वाट या वेगळ्या असतात, आणि इअरफोनच्या नावापुढील चाकाच्या खुणेत ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ असे दोन वेगळे खटके असतात. त्यांपैकी मीडियाचा खटका बंद असेल तर कॉल कानात येतो, गाणे येत नाही. कॉल लागताच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, याचेही कारण हेच: गाण्यासाठी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा त्याहून अधिक नमुने घेतले जातात, तर कॉलच्या वाटेवर माइकचा आवाजही परत पाठवायचा असल्याने बहुधा ८,००० किंवा १६,००० नमुन्यांवर भागवावे लागते. व्हिडिओत ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, ते आवाज दाबून पाठवण्यात आणि पलीकडे उलगडण्यात जाणाऱ्या वेळामुळे. इअरफोनमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो हा उशीर कमी करतो.

एवढे करूनही काही साधले नाही, तर फोनच्या रीसेट विभागातील ‘ब्लूटूथ आणि वाय-फाय रीसेट’ हा पर्याय उरतो. त्याने फोटो किंवा संदेश जात नाहीत, पण वाय-फायचे सारे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या साऱ्या ओळखी पुसल्या जातात, तेव्हा पासवर्ड आधी लिहून ठेवावेत, आणि नंतर सर्वप्रथम इअरफोनच पेअर करून पाहावा.

बॅटरीचे वय मात्र कोणत्याही रीसेटने मागे येत नाही. बडमधील लिथियमची पेशी अतिशय लहान असते, रोजच्या भरण्या-उपसण्याने दोन-तीन वर्षांत तिची क्षमता बरीच उतरते, आणि उन्हात ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत डबी राहिली तर ही घसरण अधिक लवकर होते. डबीचा दिवा पूर्ण दाखवतो, बड कानात घालताच चालू होतो, गाणे काही वेळ चालतेही, पण कॉल घेताच, म्हणजे माइकसाठी अधिक वीज लागताच, तो बंद पडतो: ही खूण दिसली की जोडणीवर आणखी वेळ घालवू नये. सुटे बड बहुधा चिकटवून बंद केलेले असल्याने त्यांची पेशी गावातील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात क्वचितच बदलता येते. गळ्यात अडकवायच्या नेकबँडची पेशी मोठी आणि त्याचे कवच उघडण्याजोगे असल्याने तो पुष्कळदा दुरुस्त होतो, शिवाय धुळीत खाली पडून हरवत नाही, आणि रानातल्या कामासाठी तोच अधिक सोयीचा आहे. पाचटात पडून गेलेला बड तोडणीनंतर पाचट पेटवण्याआधी शोधून काढावा, कारण आगीत सापडलेली लिथियमची पेशी फुटते. आणि निकामी बड उकिरड्यावर न टाकता जुने मोबाइल परत घेणाऱ्या दुकानात द्यावा.